बॉनेटवर ओरखडा नव्हता

१

रघुवीर दिघे किल्ली बोटावर फिरवत, शीळ घालत जिना उतरला आणि शेवटच्या पायरीवर त्याची शीळ तोंडातल्या तोंडात विरली.

गाडी जागेवरच होती. काळी कुळकुळीत, शोरूममधून येऊन जेमतेम आठवडा झालेली. पण पलीकडच्या दोन्ही दारांवरून थेट मागच्या दिव्यापर्यंत कुणीतरी पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या. एकदा ओढून समाधान झालं नसावं, म्हणून त्यांच्याच शेजारून पुन्हा ओढल्या होत्या. डिकीवर भली मोठी फुली होती. छपरावर, हात पोचेल तिथवर, नुसतं खसाखसा घासलं होतं. अलीकडची, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूची दारंही सुटली नव्हती.

मागून शशिकलाबाई, रघुवीरची आई, पूजेचं तबक सांभाळत उतरल्या. तबकात नारळ, झेंडूचा हार, कुंकवाची वाटी आणि चाकांखाली ठेवायची चार लिंबं. आज खजराण्याच्या गणपतीसमोर गाडीची पूजा व्हायची होती. आईच्या मागे रघुवीरची बायको शमिका, तिच्यामागे पूजेसाठी काल संध्याकाळी मुक्कामाला आलेली धाकटी बहीण तन्वी, आणि सगळ्यात शेवटी, असाच मुक्कामाला आलेला मामेभाऊ उन्मेष, जांभया देत. प्रत्येक जण त्याच पायरीशी येऊन थबकला.

"भिया," उन्मेषची जांभई अर्ध्यावर राहिली. "ये तो किसी ने दिल लगाके किया है."

रघुवीर बोलला नाही. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. पलासियाला त्याचे कोचिंगचे क्लास होते, तिथली पोरं त्याच्या आवाजाला चळचळा कापत. पण घरच्यांना ठाऊक होतं, तो ओरडतो तेव्हा काही नसतं. तो गप्प बसला की भ्यायचं.

तेवढ्यात वरून, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, दात घासता घासता चिंतामणजी मुळ्ये वाकले. "क्या हुआ? पूजा निघाली नाही का अजून?"

रघुवीरनं मान वर केली. "काका, मंगळवारचं तिकीट आहे ना तुमचं? सिडनीचं?"

"हौ. का?"

"रद्द करा," रघुवीर अगदी हळू म्हणाला.

२

स्नेहलतागंजमधली ही इमारत तीनच मजल्यांची. पहिल्यावर दिघे, दुसऱ्यावर वीज मंडळातून निवृत्त झालेले चिंतामणजी, तिसऱ्यावरचे लोक पुण्याला गेलेले. फाटकाला रात्री आतून कुलूप लागतं आणि त्यावर कॅमेरा आहे. रघुवीरनं मोबाइलवर सगळं चित्रण पळवून पाहिलं. बाहेरून मांजरसुद्धा आत आलं नव्हतं. म्हणजे करणारा इमारतीतलाच. आणि घरचं माणूस हे करेल, असा विचार रघुवीरच्या मनाला शिवणंही शक्य नव्हतं. उरले एक चिंतामणजी.

भांडण जुनं होतं. चिंतामणजींची स्कूटर रघुवीरच्या गाडीला अगदी चिकटून, ड्रायव्हरच्या बाजूला उभी असे. तिचं हँडल गाडीला घासतं असं ह्याचं म्हणणं, आणि जागा माझी आहे, गाडीला सांगा पोट आत घ्यायला, असं त्यांचं. त्यांची बायको आधीच मुलीकडे, इंदिराकडे, सिडनीला गेली होती. मंगळवारी हे जाणार होते, पहिलीवहिली नात बघायला. मिठाईवाल्याकडे सेव आणि गजक बांधून ठेवायला सांगून झालं होतं.

"आज संध्याकाळी ठाण्यात जाऊन रिपोर्ट लिहवतो," रघुवीर सोफ्यावर बसून म्हणाला. "नातीला व्हिडिओवर बघू देत. पोलिसात नाव लागलेल्या माणसाला विमानात कसं बसवतात ते बघतोच मी." हे बोलताना त्याला फार बरं वाटलं, खरं सांगायचं तर सकाळपासून पहिल्यांदाच बरं वाटलं. सूड उगवायचा तर तो जिथं दुखतं तिथंच बसला पाहिजे, असं त्याचं मत होतं.

"ज्यानं हे केलं त्याला मी सोडणार नाही, आई. मग तो कुणीही असो. तुझ्या देवासमोर सांगतो."

"देवाला मध्ये आणू नकोस," आई म्हणाली आणि तिनं आपल्या बहिणीला, मनोरमेला, फोन लावला.

ह्या गाडीचं कौतुक आणि तिच्यावरची चर्चा गेल्या रविवारपासून चालली होती. गाडी घरी आली त्या दिवशी पोह्यांच्या ताटल्या हातात घेऊन सगळं घर एकाच प्रश्नावर बसलं होतं: गाडीला फिल्म किती लावायची? फिल्म म्हणजे रंगावर चिकटवायचा पारदर्शक जाडसर थर. खडा उडाला, फांदी घासली, तर मार ती खाते, रंग वाचतो. लागली आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळतसुद्धा नाही.

उन्मेषचं म्हणणं, सगळ्या अंगाला लावा. "अरे भिया, किल्लीनं खरवडलं ना, तरी काही नाही होत. वरून गरम पानी टाका, सपाट! आपोआप भरून येतं." शमिका पुण्याची, हिशेबी. ती म्हणाली, हायवेवर खडे पुढूनच येतात, पुढचं लावलं की पुरे. चहाला आलेले चिंतामणजी म्हणाले, गाडीला एवढं सोवळं असेल तर कपाटात ठेवा. तन्वी खिडकीशी बसून होती, ती काहीच म्हणाली नाही. शेवटी ठरलं ते शमिकाचं: बॉनेट, पुढचा बंपर, पुढच्या चाकांवरचे दोन्ही फेंडर आणि आरसे. बाकी गाडी उघडी.

पण फिल्मवाल्या संजीवच्या दुकानात गाडी गेली आणि ऐन वेळी आईचा फोन आला. "रघू, पूजा व्हायच्या आधी बॉनेटवर ते प्लास्टिक लावायचं नाही. स्वस्तिक गाडीवर काढतात, पिशवीवर नाही." रघुवीर चरफडला. बरोबर आलेले उन्मेष आणि शमिका हसून हसून बेजार झाले. संजीव मात्र गंभीरपणे म्हणाला, "माताजी बरोबर बोलतायत. सिंदूर तेलाचा असतो, फिल्म पिवळी पडते. बॉनेट पूजेनंतर करू." बॉनेटऐवजी त्या दिवशी ड्रायव्हरच्या बाजूची दोन्ही दारं करून टाकली, स्कूटरच्या हँडलासाठी. काल दुपारी गाडी घेऊन आल्या आल्या रघुवीरनं खालूनच आरोळी ठोकली होती, "काका, आता घासा किती घासायचं ते! ह्या बाजूला फिल्म लावून आणलीय!" सगळ्या गल्लीनं ती ऐकली.

आता त्या आरोळीची त्याला आठवणही नव्हती. त्याला फक्त मंगळवार दिसत होता.

दारावरची बेल वाजली. मावशी आली होती. आत न येताच ती म्हणाली, "चहा नंतर. आधी आजारी कोण आहे ते दाखव."

३

मनोरमामावशी विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायची. उभा जन्म त्यात गेला. नवऱ्यानं बायकोची गाडी झाडावर घातली की बायकोनं नवऱ्याची, हे ती पत्र्यावरून सांगे. निवृत्त होऊन राजवाड्याजवळ राहायची. गुडघे दुखायचे, पण ठोकलेली गाडी दिसली की विसरायची.

तिच्याबरोबर रघुवीर आणि शमिका एवढेच खाली आले, आणि ती गाडीभोवती हळूहळू फिरली. ओरखड्यांवरून नखाची मागची बाजू फिरवली. "एकच हत्यार. टोकदार नाही, बोथट. दाते असलेलं. किल्ली असावी, आणि जुनी. आजकालच्या किल्लीला दाते कुठले?"

"काकांच्या स्कूटरची," रघुवीर लगेच म्हणाला.

"थांब की रे, घोड्यावर बसून आलायस का?" ती पुढे आली आणि बॉनेटपाशी उभी राहिली. बॉनेट आरशासारखं स्वच्छ होतं. बंपर, दोन्ही फेंडर, आरसे, सगळं जसंच्या तसं. "हे का सोडलं?"

ह्यावर रघुवीरनं विचार केलेला होता. "सोपं आहे, मावशी. चिंतामणजी रोज गणपतीचं अथर्वशीर्ष म्हणणारे. आज पूजा आहे हे त्यांना माहीत होतं. स्वस्तिक काढायच्या जागेला हात लावायची हिंमत झाली नाही. देवाला भिणारा चोर."

मावशीनं त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. "बुद्धी आहे तुला. आता सांग, आरशांवर पण स्वस्तिक काढणार होतास का? फेंडरवर? बंपरवर?"

रघुवीर वाकून आरसा बघू लागला. मावशी वळली.

"शमिका, किटली भरून गरम पाणी आण."

पाणी आलं. मावशीनं ते ड्रायव्हरच्या दारावर बारीक धारेनं सोडलं, आणि रघुवीर बघतच राहिला. बारीक बारीक रेघा पुसट झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. खोल गेलेली एक रेघ उरली. मावशीनं तिच्या कडेनं नखानं फिल्मचा पदर जरासा उचलला. खाली काळा रंग नव्यासारखा चमकत होता.

"फिल्म मेली, रंग जिवंत आहे," ती म्हणाली. मग तिनं पलीकडच्या दारावर पाणी टाकलं. तिथं काही झालं नाही. तिथला रंग कायमचा गेला होता.

ती बॉनेटपाशी परत आली, कडेला नख घातलं आणि सावकाश मान हलवली. "आणि हे उघडं. ह्यावर फिल्म नाहीच."

"नाहीये. पूजेनंतर लागणार होती. पण त्याचा काय संबंध?"

"रघू," मावशी किटली त्याच्या हातात देत म्हणाली, "ज्यानं हे केलं त्यानं फार मेहनत वाया घालवली, आणि फार मोठी संधी सोडली. असं कोण करतं, ते मला बघायचंय. एकेकाला खाली पाठव. मी गाडीत बसते. तू मागे बस, आणि तोंड उघडायचं नाही."

४

सीटवरची पॉलिथिनची कव्हरं अजून काढलेली नव्हती. बसलं की करकर वाजत. मावशी पुढे डाव्या सीटवर बसली, येणारा ड्रायव्हरच्या जागी. मागे रघुवीर, ओठ मिटून, मनातल्या मनात ठाण्यातली तक्रार लिहीत.

मावशीनं कुणालाच, तू काल रात्री कुठं होतास, असं विचारलं नाही. तिचा प्रश्न सगळ्यांना एकच होता. "गाडीला फिल्म किती लावायला पाहिजे? आणि ह्या गाडीला कुठे कुठे लागलीय?"

आधी आई आली. तिला जागेवर बसायलाच संकोच वाटत होता. "मला विचारशील तर काहीच नको. देवानं बघितलं की झालं. बॉनेटला तर मीच लावू दिली नाही. ह्यांच्या पांढऱ्या मारुतीला कुठे काय होतं गं? तरी किती वर्षं चालली. हे गेल्यावर रघूनं देवासच्या एका मास्तरांना दिली ती, ते जपून चालवतात म्हणे. एकदा बघून यायचंय मला." रघुवीर खिडकीतून बाहेर बघायला लागला. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, भिंत होती.

उन्मेष सीटवर आपटूनच बसला. "फुल बॉडी, आत्या! मी बोललो होतो, माझं कोणी ऐकलं नाही. आता बघा. बॉनेट पण उघडं, पूजेच्या नादात. अरे, जुनीवर सूट भेटली होती ना नव्या गाडीला, तीच ह्यात टाकायची होती..."

मागे रघुवीरला एकदम खोकला आला. उन्मेष चपापला. "म्हणजे... मी बाहेर कुठं बोललो नाही हां, भिया. घरातल्या घरात."

मावशीनं आरशातून रघुवीरकडे पाहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

शमिका नीटनेटकं बोलली. "पुढचं पुरे. आमच्या पुण्यात सगळे तेच करतात. बॉनेट उरलंय, आणि ड्रायव्हरकडची दोन दारं जास्तीची झाली, ती ह्याच्या भांडणापायी. मावशी, मला गाडीचं वाईट वाटतंय, पण ह्याची भीती वाटतेय. हा त्या म्हाताऱ्या माणसाचं विमान चुकवेल."

चिंतामणजी आले ते अंगात सदरा घालून, केस विंचरून, जणू कोर्टातच आलेत. "मला काय माहीत, बाई? बंपराला लावलीय, रविवारी ऐकलं. आणि ह्या दारांना लावलीय, हे तर ह्यांनी काल ऐलान केलं, सगळ्या मोहल्ल्यानं ऐकलं. मी म्हटलं, जिभेला पण लावा थोडी." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मला मंगळवारी जाऊ द्या हो. पोर आठ महिन्यांची झाली. मोबाइलमध्ये माझ्याकडे बघून हसते."

रघुवीरनं तोंड फिरवलं. त्याला दया यायला लागली होती आणि ती त्याला नको होती.

सगळ्यात शेवटी तन्वी आली. ती पलासियाच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपी करायची, तिथंच जवळ खोली घेऊन राहायची. सीटवर बसताच तिचा डावा हात सवयीनं गिअरवर गेला आणि तिनं तो लगेच काढून घेतला.

"किती लावायची, गं?" मावशीनं विचारलं.

"ज्याला जपायचं असतं त्याला पूर्ण लावावी, मावशी. ह्यांनी पुढेच लावली. बॉनेट, बंपर, फेंडर, आरसे. बाकीचं उघडं टाकलं." ती क्षणभर थांबली. "उघडं टाकलं की असंच होतं."

ती उतरून गेली. मग मावशी म्हणाली, "सगळ्यांना वर जमव. चिंतामणजींना पण."

"कळलं? कोण ते कळलं?" रघुवीर पुढे झुकला. "सांग, मी आत्ता ठाण्यात..."

"कळलं. तू मात्र शपथ जरा विचार करून घ्यायला हवी होतीस, बाळा."

५

बैठकीत सगळे जमले. तबक तसंच टीपॉयवर पडलेलं होतं. चिंतामणजी दाराजवळच्या खुर्चीवर टेकले, कधीही उठवलं जाईल अशा बेतानं.

"ज्याला फिल्म कुठे लागलीय ते माहीतच नाही," मावशीनं सुरुवात केली, "तो सगळी गाडी खरवडेल. पुढचं सोडून मागचं धरणार नाही. आपल्या माणसानं फेंडर, बंपर, आरसे बरोबर सोडलेत. म्हणजे तिथं खरवडणं फुकट आहे, गरम पाण्यानं भरून येईल, हे त्याला ठाऊक होतं. हे उन्मेषनं रविवारी सांगितलं. म्हणजे तो रविवारी इथं पोहे खात होता."

"काकाही होते," रघुवीर म्हणाला.

"होते. आता ज्याला सगळं ठाऊक आहे, असा माणूस घे. त्याला गाडीचा सत्यानाश करायचाय. तो पहिला हात कुठे घालेल? बॉनेटवर. सगळ्यात मोठं, सगळ्यात समोर, आणि उघडं. आणि ड्रायव्हरची दारं सोडून देईल, कारण तिथं फिल्म आहे. आपल्या माणसानं ह्याच्या नेमकं उलट केलं. बॉनेटला हात लावला नाही आणि दारांवर घाम गाळला. का?"

मावशीनं सगळ्यांवरून नजर फिरवली.

"कारण त्याच्या डोक्यात रविवारची गाडी होती. संजीवच्या दुकानात ती बदलली हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शशीनं तर स्वतःच फोन करून बॉनेट थांबवलं. शमिका आणि उन्मेष दुकानात होते. चिंतामणजींना दारांचं तू स्वतः सांगितलंस, रघू, गळा फाडून. त्यांना तुझी गाडी बिघडवायची असती तर पूर्ण गाडीत तीच दोन दारं त्यांनी सोडली असती. तू ज्याला गुन्हेगार ठरवलंस त्याला तुझ्याच आरोळीनं सोडवलं."

चिंतामणजींनी डोळे मिटले आणि खुर्चीत पाठ टेकली.

रघुवीरच्या मनात बेरीज आपोआप होत होती आणि त्याला ती थांबवता येत नव्हती. रविवारी कोण होतं. दुकानात कोण नव्हतं. काल त्याची आरोळी झाल्यावर, संध्याकाळी, कोण आलं. आणि मघाशी, त्याच्या समोर, कोण म्हणालं की बॉनेटवर फिल्म आहे.

"नाही," तो म्हणाला.

तन्वीनं पर्समध्ये हात घातला आणि तबकात, नारळाशेजारी, एक किल्ली ठेवली. छोटीशी, झिजलेली, पितळी. तिच्या दात्यांत काळा रंग अडकला होता.

६

ती किल्ली घरात सगळ्यांच्या ओळखीची होती. बाबांच्या पांढऱ्या मारुतीची.

"ह्या किल्लीनं आता दुसरं काही उघडत नाही," तन्वी म्हणाली. "म्हणून म्हटलं, एवढं तरी करून घ्यावं."

"तन्वे, तू?" रघुवीर किल्लीकडे बघत म्हणाला. "माझी नवी गाडी..."

"हो. तुझी नवी गाडी. बाबांनी ती मारुती मला दिली होती, दादा. सगळ्यांच्या देखत. नेहरू स्टेडियमच्या रस्त्यावर त्यांनी मला तिच्यात क्लच सोडायला शिकवला. तू म्हणालास शहरात आता ती चालवता येणार नाही, देवासच्या मास्तरांना देतो, ते जपतील, वाटेल तेव्हा जाऊन बघ. मी गप्प बसले. ही एक किल्ली आठवण म्हणून ठेवली." तिनं उन्मेषकडे पाहिलं. "रविवारी जिन्यात ह्यानं कौतुकानं सांगितलं, जुनी भंगारात कटवली म्हणून नवीवर सूट भेटली. मास्तर वगैरे कुणी नव्हतेच. पत्रा कापला तिचा. आणि वर तुम्ही सगळे दुपारभर बसला होतात, नव्या गाडीचा कुठला भाग जपायचा त्याची चर्चा करत. आरशाला फिल्म लावायची! आरशाला!"

"अगं, पण ती गाडी म्हणजे नुसतं डबडं..."

"रघू." आईनं फक्त एवढंच म्हटलं.

तिच्याकडे बघायचं धाडस रघुवीरला होत नव्हतं. "देवासचे मास्तर," आई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "दर महिन्याला विचारायची मी तुला, गाडी कशी आहे म्हणून. तू सांगायचास, मस्त आहे. एकदा म्हणालास, मास्तरांनी तिला नवे टायर टाकले."

हे त्यानं खरंच म्हटलं होतं. तेव्हा त्याला ते सुचल्याचं कौतुकही वाटलं होतं.

"चल ना ठाण्यात," तन्वी उभी राहिली. "तू शपथ घेतलीस ना, कुणीही असो, सोडणार नाही? मी येते. पण क्रमानं लिहवायचं. आधी बाबांची गाडी, मग तुझी. आणि एक सांगू? मला पस्तावा वगैरे काही नाहीये. काकांना गोवलंस तेव्हा मी बोलणारच होते, ते विमान मी चुकू दिलं नसतं. पण गाडीचं मला काहीच वाटत नाही. बॉनेट उघडं होतं हे कळलं असतं ना, तर आधी तेच धरलं असतं."

रघुवीरचा राग सकाळपासून त्याला उभं धरून होता. राग असा अचानक निघून गेल्यावर तो खाली बसला.

मग निकाल आईनं दिला. तिनं तो आवाज न चढवता दिला, आणि दिघ्यांच्या घरात त्यावर अपील नव्हतं. "रिपोर्ट होणार नाही. पण रंगही लागणार नाही. मी आहे तोवर गाडी अशीच फिरेल, फुलीसकट. पलासियात तुझ्या क्लासच्या दारात उभी राहील, पोरं विचारतील, तेव्हा काय सांगायचं ते तू बघ. मास्तरांचं सुचलं, तसं तेही सुचेल. मंगळवारी चिंतामणजींना एअरपोर्टला तू सोडशील, ह्याच गाडीतून, आणि त्यांच्या बॅगा तू उचलशील. आणि पूजा आज आत्ता होईल. उठा."

खजराण्याला गुरुजींनी गाडीकडे पाहिलं, रघुवीरच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता सिंदूरात बोट बुडवून त्या कोऱ्या बॉनेटवर स्वस्तिक काढलं. गाडीवर, पिशवीवर नाही. नारळ फुटला. चाकांखाली लिंबं चिरडली. सगळे प्रसाद घ्यायला गेल्यावर गाडीशी दोघंच उरले, भाऊ आणि बहीण.

रघुवीरनं खिशातून ती जुनी किल्ली काढली. तबकातून त्यानं ती उचलली होती. ती त्यानं तन्वीपुढे धरली आणि हनुवटीनं बॉनेट दाखवलं. "घे. तेवढं राहिलंय. करून टाक आणि मोकळी हो."

तन्वीनं किल्ली घेतली. बॉनेटकडे बराच वेळ पाहिलं. मग किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

"राहू दे," ती म्हणाली. "ते उघडं आहे हे आता मलाही माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तुला. एवढं पुरे."

मंगळवारी चिंतामणजींच्या बॅगा रघुवीरनं उचलल्या. उतरताना ते दारावरच्या रेघांवरून हात फिरवून म्हणाले, "मी आलो की स्कूटर थोडी लांब लावीन हां," आणि रघुवीरला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात संजीवचा फोन आला. "भिया, बॉनेट की फिल्म कटी पडी है. पूजा झाली ना? कधी आणताय गाडी?"

रघुवीर गॅलरीत उभा होता. खाली गाडी होती. बॉनेटवरचं स्वस्तिक पुसट झालं होतं आणि त्याच्याभोवतीचा काळा रंग तसाच लखलखीत होता. फिल्म लावली तर बहिणीला भ्यालो असं होईल. नाही लावली तर रोज सकाळी खाली उतरताना शेवटच्या पायरीवर थबकून आधी बॉनेट तपासावं लागेल. त्यानं दोन्हींचा विचार करून पाहिला.

"रहने दो," तो म्हणाला.

तन्वी दर रविवारी जेवायला येते. हात धुते, पाटावर बसते, पर्समधून ती पितळी किल्ली काढून ताटाच्या उजव्या बाजूला ठेवते आणि आईला म्हणते, "वाढ." रघुवीर समोर बसलेला असतो. तो खाली मान घालून जेवतो.